न धुतलेले तेवीस हात

ब्रिजिताच्या तोंडी लागू नये, असं अरूरच्या पलीकडच्या कोळंबीच्या शेडींमध्ये सगळेच म्हणत, आणि तरी रोज कुणी ना कुणी लागतच असे. एका रविवारी नव्या पाद्रीबाबांनी प्रवचनात जरा नाक मुरडून सांगितलं, की बायकांनी मिस्साला येताना मासळीचा वास घरी ठेवून यावा. ही दुसऱ्या बाकावर होती. उठून म्हणाली, "अच्चन, आपले संत पेत्रोस कोळी होते की अत्तर विकायचे?" पुढचं प्रवचन पाद्रीबाबांनी चांगलंच आवरतं घेतलं.

एकोणतीस वर्षं तिनं कोळंबी सोलली. डोकं पिरगाळायचं, अंगठ्यानं कवच उतरवायचं, पाठीतला काळा दोरा नखानं ओढायचा. हे सगळं होईपर्यंत दुसरी कोळंबी डाव्या हातात आलेली असे. बोलता बोलता, भांडता भांडता, बघायचीसुद्धा नाही ती हाताकडे. टेबलावर तिच्या शेजारी एकोणीस वर्षं बसणारी वत्सला तिला चेची, म्हणजे ताई, म्हणे. ती सांगायची, "चेचीची जीभ जास्त चालते की बोटं, हे देवालाही सांगता यायचं नाही."

शेड पैली मुदलाळींची. मुदलाळी म्हणजे मालक, पण नुसतं मालक म्हटलं तर त्यांना कमी वाटलं असतं. सोलायच्या खोलीच्या तोंडाशी हात बुडवायची टाकी होती. दर अर्ध्या तासानं घंटा झाली की सगळ्या बायकांनी रांगेनं यायचं, मनगटापर्यंत हात त्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवायचे, तीस आकडे मोजायचे आणि पुन्हा टेबलावर जायचं. टाकीला किती पावडर घालायची याचा एक चमचा होता, दोरीनं भिंतीला टांगलेला. दोन वर्षांपूर्वी परदेशातून एक माल जंतू सापडले म्हणून परत आला आणि त्या दिवसापासून मुदलाळींचा चमच्यावरचा विश्वास उडाला. ते मुठीनं घालू लागले. मूठ कधी एक, कधी तीन. ज्या दिवशी झोप नीट झाली नसेल त्या दिवशी चार.

मग हात पांढरे पडले. फुगले. मग बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या आणि कालवणातलं तिखट त्यांत शिरू लागलं. ब्रिजिता घरी कंजी, म्हणजे पेज, चमच्यानं प्यायची ते ठीकच, पण मीन करीसुद्धा चमच्यानं खायला लागली. तिचा नवरा अंतप्पन जाळी विणणारा, मुलखाचा अबोल माणूस. त्यानं एकदा तो चमचा पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी माशाचे काटे काढून ठेवू लागला. ब्रिजिताला त्याचा इतका राग आला, की ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. कुणी तिला दुबळं समजलेलं तिला खपत नसे.

चिरा सगळ्याच बायकांच्या हातांना होत्या. पण बाकीच्या तपासणीच्या दिवशी हात अर्धे मिटून दाखवत. ब्रिजितानं पंजा सताड उघडला आणि म्हणाली, "बघा मुदलाळी, तुमच्या मुठीनं काय केलंय ते."

मुदलाळींनी पाहिलं. आरोग्याच्या वहीत तिच्या नावापुढे त्यांनी दोन शब्द लिहिले, 'चर्मरोग. बंद.' आणि तोंडानं म्हणाले, "पाण्याला कशाला दोष देतेस? तुझ्या आईचेही हात असेच होते. घराण्यातच आहे तुमच्या. उद्या माझ्या मालातून जगभर जाईल तुझा रोग."

हे दोन शब्द म्हणजे नुसती सुट्टी नव्हती. आसपासच्या कुठल्याही शेडीत जा, आधी मागच्या वहीतली नोंद मागत. ज्या बाईपुढे 'चर्मरोग' लिहिलंय तिला कोळंबीच्या आसपास कुणी फिरकू देत नसे. ब्रिजिताला दुसरं काही काम येत नव्हतं आणि शिकायची तिची इच्छाही नव्हती. पण त्याहून तिला खुपत होतं ते वेगळंच. मुदलाळी बोलले ते खोटं, हे ती चार लोकांत ठणकावून सांगायची, आणि तांदूळ धुताना स्वतःच्या बोटांकडे बघत बसायची. आईचे हात तसेच होते, हे खरं होतं. मरताना जपमाळ धरता येत नव्हती तिला. असेलही रक्तात, कुणी सांगावं.

नवव्या दिवशी शेडीत जसीला आली. कोळिकोडकडची पोरगी, डोक्याला ओढणी, खांद्याला पेटी, कुठल्याशा वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होती. पेनाएवढं एक यंत्र तिच्याकडे होतं, टोकाला सपाट काच. शेतकरी जमिनीचा सामू बघतात ना, आंबट जमीन की खारी, तसंच हे कातडीचं. कातडीवर थेंबभर पाणी सोडायचं, काच टेकवायची, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. कामाच्या जागी बायकांच्या हातांचं काय होतं, हे तिला मोजायचं होतं. मुदलाळींनी मोठ्या मनानं आपली एसीची खोली दिली. जसीलानं आदल्या दिवशीच निरोप धाडला होता, की मोजायच्या आधी तीन तास कुणीही हाताला साबण लावू नये.

एकतीस बायका मोजल्या आणि एकतीसही जणींची कातडी फर्मास निघाली. कुणाचा आकडा साडेतीन, कुणाचा चार. साताच्या वर गेला की कातडी बिघडली म्हणायचं, पण इथे साताची गोष्टच नको, एकही पाचाला पोचली नाही. मुदलाळींनी आकडे उतरवून घेतले, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आमच्या कामगारांची त्वचा उत्तम', आणि पुठ्ठा फाटकाला लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगू लागले, "एकच हात नासका होता. तो मी वेळीच काढला."

संध्याकाळी वत्सलानं हे सांगितलं तेव्हा ब्रिजिता विळीवर कच्चं केळं चिरत होती. ती थांबली.

"कातडी चांगली निघाली? तुझी?"

"माझी तर सगळ्यात चांगली. तीन पॉइंट पाच."

"वत्सले, तू आत जाण्याआधी हाताला काय लावलं होतंस?"

"साबण नाही हं चेची! देवाशपथ. साबणाला तर शिवले पण नाही."

"मग काय लावलंस?"

"काय म्हणजे? बिलिंबी. नेहमीसारखी. कॉलेजातली पोर हातात हात घेणार, तर घाणेरड्या वासाचा हात कसा द्यायचा?"

ब्रिजिता आधी हसली. विळी सरकवून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिकडे प्रत्येक परसात बिलिंबीचं झाड. खोडालाच हिरव्या फळांचे घोस लागतात, आणि ते फळ इतकं आंबट, की विळीचा गंजसुद्धा त्यानं निघतो. कोळंबीचा वास दुसऱ्या कशानं जात नाही, बिलिंबी चोळली की जातो. सोलणारी बाई बिलिंबी चोळल्याशिवाय बसमध्ये चढत नाही, चर्चमध्ये जात नाही, देवळात जात नाही. एकतीस जणींनी बिलिंबीचा रस मोजायला दिला होता, आणि यंत्रानं बिचाऱ्यानं तो इमानानं मोजला होता.

मग तिचं हसू संपलं आणि ती भडकली. मुदलाळींवर नाही, पोरीवर नाही. लाजेवर. "आपले हात त्यांच्या पाण्यानं फाटले, त्यांच्या मालानं वास आला, आणि लाज आपण वाटून घ्यायची? वा ग वा!"

दुसऱ्या दिवशी ती पिशवीत सहा बिलिंब्या घालून आरोग्य उपकेंद्राच्या मागच्या खोलीत गेली. तिथे जसीला आकड्यांकडे बघत डोकं खाजवत होती. इतके चांगले आकडे तिच्याही गळ्याखाली उतरत नव्हते.

"मोळे, पोरी, तुझा हात मोज आधी," ब्रिजिता म्हणाली.

जसीलानं मोजला. पाच. ब्रिजितानं एक बिलिंबी चिरून तिच्या हातावर खसाखसा चोळली, तांब्याभर पाण्यानं हात धुतला, पदराला पुसला. "आता मोज."

तीन पॉइंट सात. जसीलानं कपाळावर हात मारला. "पण मी साबण नको म्हणून सांगितलं होतं, चेची!"

"म्हणून तर कुणीच लावला नाही. शब्दाच्या पक्क्या आहेत आमच्या बायका."

जसीलाचा चेहरा पडला. चांगली कातडी थोडी आंबट असते, पाचाच्या आसपास, तिनं सांगितलं. तो आंबटपणा धुऊन गेला, आकडा साताच्या पुढे गेला, की कातडी कोरडी होते, फुटते. हे तिला दाखवायचं होतं आणि झालं भलतंच. पुन्हा मोजायचं तर थंड खोली हवी, वीस मिनिटं शांत बसलेली बाई हवी. मुदलाळी आता पुन्हा खोली देणार नाहीत. रस्त्यावर उन्हात मोजलं तर तिचे सर कागद तोंडावर फेकतील.

"आम्हाला वीस मिनिटं शांत बसायला मिळालं असतं, तर हात फाटले असते कशाला?" ब्रिजिता म्हणाली. "तू सोमवारी दुपारी साडेबाराला शेडीसमोरच्या पुलावर ये. जेवणाची सुट्टी असते. हात टेबलावरून थेट येतील. ऊन आहे, घाम आहे, तेही लिही तुझ्या कागदावर."

"येईन. तुमचा बघू का आत्ता?"

ब्रिजितानं हात पदराखाली घेतला. "माझा नको." आणि ती उठलीच. पाद्रीबाबांना, मुदलाळींना, कुणाला न घाबरणारी बाई त्या पेनाएवढ्या यंत्राला घाबरली. आकडा वाईट आला तर काय? दहा दिवस टाकीला हात नाही आणि तरी वाईट, म्हणजे मग ते रक्तातलंच.

बायकांना तयार करणं सोपं गेलं नाही. वत्सलाच्या अंगणात रविवारी जमल्या, बिनदुधाचा कट्टन चहा झाला, आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. एक म्हणाली, "मेलेल्या कोळंबीचं पाणी ठिबकतंय असा हात परक्या पोरीच्या हातात देऊ? त्यापेक्षा फाटलेला बरा." दुसरी म्हणाली, "आणि उद्या आमच्यापुढेही 'चर्मरोग' लिहिलं तर?"

"एकटीला काढता येतं, मला काढलंच की," ब्रिजिता म्हणाली. "सगळ्यांना काढलं तर कोळंबी काय मुदलाळी दातांनी सोलणार?"

त्यावर हसल्या, पण येते असं कुणी म्हटलं नाही.

सोमवारी ब्रिजिता बारापासून पुलाच्या कठड्यापाशी छत्री घेऊन उभी होती. तिला घरी बसवून तेरा दिवस झाले होते. साडेबाराची घंटा झाली. फाटकातून कुणी बाहेर येईना. जसीलानं पेटी उघडली, मिटली. मग वत्सला आली. दोन्ही हात कोपरापासून पुढे धरलेले, बोटांवरून पाणी गळतंय, कवचाचे तुकडे चिकटलेले. तिच्यामागून दुसरी, तिसरी. तेवीस जणी आल्या. आठ आतच राहिल्या, त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. ज्याच्या घरची चूल त्यालाच माहीत.

वत्सलानं हात दिला आणि मान दुसरीकडे वळवली. जसीलानं तो मांडीवर घेतला, थेंब सोडला, काच टेकवली. नाकाला ओढणी लावली नाही. ब्रिजिता वर छत्री धरून होती.

"सात पॉइंट नऊ."

दुसरीचा आठ पॉइंट एक. तिसरीचा साडेसात. आकडे ऐकून बायका पुढे सरकू लागल्या. मघाशी लाजत होत्या त्याच आता 'माझा घे, माझा घे' करू लागल्या, आणि जिचा आठाच्या वर गेला ती जणू परीक्षेत पहिली आली. आंबटपणा कुणाच्याच हातात उरला नव्हता. जसीला प्रत्येक आकड्यापुढे 'ऊन, घाम, न धुतलेला' असं लिहीत होती.

पैली मुदलाळी धोतर सावरत बाहेर आले. "हे काय नाटक? रस्त्यावर, उन्हात! अशा ठिकाणी काहीही आकडा येईल. ह्याला कोण विचारतं?"

"बरोबर," ब्रिजिता म्हणाली. "उन्हात काहीही येईल. मग तुमचाही मोजून घ्या. ऊन तेच, पूल तोच."

मुदलाळींना तिथेच आत जाता आलं असतं. पण तेवीस बायका बघत होत्या, पुलावरचा चहावाला बघत होता. त्यांनी बाही वर केली. म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. जसीलानं थेंब सोडला, काच टेकवली.

"पाच पॉइंट दोन," ती म्हणाली. "छान आहे तुमची कातडी."

बायकांमधून असा काही हशा उठला, की आतल्या आठ जणीही फाटकापाशी आल्या. मुदलाळींनी हात मागे घेतला. त्यांचा चेहरा लाल झाला आणि त्यांना एकदम आठवलं, की आपला हुकमी पत्ता तर इथेच छत्री धरून उभा आहे. "तिचा मोजा!" ते ओरडले. "ह्या सगळ्याजणी साध्या थकल्यात. खरा रोग तिच्या हातात आहे. मोजा, मोजा, सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे!"

ब्रिजिताला आईची सुटलेली जपमाळ दिसली. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं तिनं, पण वत्सलानं तिच्या हातातली छत्री काढून घेतली, आणि मग तो हात मोकळा राहिला. तिनं तो पुढे केला. सताड उघडा, तपासणीच्या दिवशी केला होता तसाच.

आकडा बराच वेळ हलत होता. जसीलानं दोनदा पाहिला.

"पाच पॉइंट सहा."

"यंत्र बिघडलंय," मुदलाळी म्हणाले.

"मघाशी तुमचा बरोबर दाखवला, एवढ्यात बिघडलं?" जसीला म्हणाली.

ब्रिजिता आपल्या हाताकडे बघत होती. बेचक्यांतल्या चिरा बुजत आल्या होत्या. तेरा दिवस तिनं तो हात रोज पाहिला होता आणि एकदाही नीट पाहिला नव्हता. तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही.

"मुदलाळी," ती म्हणाली, "घर तेच आहे माझं. साबण तोच, विहीर तीच, रक्त तेच. बदललं काय? तेरा दिवस तुमच्या टाकीत हात घातला नाही. आम्हा सगळ्यांत बरा हात माझा, कारण तुम्हीच मला हाकललंत. आणि माझी आई म्हणालात ना? तीही सोलतच होती. तुमच्या वडिलांच्या शेडीत. चाळीस वर्षं."

"एका हातावरून काही सिद्ध होत नाही, चेची," जसीला हळूच म्हणाली. ती प्रामाणिक पोरगी होती.

"तुझं विज्ञान तू सावकाश लिही, मोळे. माझं मला कळलं."

एक वाजला. घंटा झाली. कुणी हललं नाही. आत टेबलांवर कोळंबीचे ढीग आणि त्यांच्यावरचा बर्फ वितळायला लागला होता. कोळंबी सगळ्यांचं ऐकते, पण थांबायला सांगितलं तर ऐकत नाही. हे मुदलाळींइतकं कुणाला ठाऊक असणार!

"चला, आत चला," ते म्हणाले. "ब्रिजिता, तूही ये. बस तुझ्या जागेवर. झालं गेलं विसरू."

"वहीत काय लिहिलंय?"

"ते बघू नंतर."

"मग मीही नंतर बघते," ती म्हणाली आणि कठड्यावर बसली. वत्सला तिच्या शेजारी बसली. टेबलावर बसायची तशीच, डाव्या हाताला. मग बाकीच्या.

वही बाहेर आली. मुदलाळींनी उभ्या उभ्या 'चर्मरोग' खोडलं. ब्रिजितानं मान हलवली. "खोडलंत, आता लिहा. हात बरा. टाकीपासून तेरा दिवस लांब होता." त्यांनी 'हात बरा' लिहिलं आणि पेन मिटलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. आतून बर्फाचं पाणी पन्हाळीतून पडल्याचा आवाज येत होता. मुदलाळींनी पेन पुन्हा उघडलं आणि उरलेलंही लिहिलं.

तिनं वही हातात घेऊन एकेक शब्द मोठ्यानं वाचला, चहावाल्यालाही ऐकू जाईल असा. मग ती फाटकातून आत गेली, पण आपल्या जागेकडे वळली नाही. टाकीपाशी जाऊन वाकली आणि बुडाचं बूच ओढलं. पाणी मोरीत गेलं. नव्या पाण्याचा नळ सोडून तिनं भिंतीवरचा चमचा दोरीसकट उपटला आणि मुदलाळींच्या हातात दिला.

"हात मोजून झाले," ती म्हणाली. "आता पावडर मोजा."